मारुतीला न आवडलेली पिकअप

गॅरेजवर येणारं गिऱ्हाईक नुसती गाडी घेऊन येत नाही, सोबत निकालही घेऊन येतं. "मिस्त्री, पंप गेलाय, तेवढा बदला." "मिस्त्री, गिअरबॉक्सची बोंब हाय, खोला." मी म्हणायचो, "तुला एवढं कळतंय तर हितं कशाला आलास बे?" माणसं फुगून निघून जायची, चार दिवस दुसऱ्याकडं हिंडायची आणि परत माझ्याच दारात गाडी लावायची. घाटनांदूरला तीसेक वर्षं गॅरेज चालवलं. आता गाडीखाली झोपलं की उठायला दोन माणसं लागतात, म्हणून बंद केलं. तोंड मात्र अजून चालू आहे, असं घरचे म्हणतात.

एका पुढाऱ्याची गाडी आली होती. एसी लावला की आत असा वास सुटायचा की नाकाला रुमाल लावून बसावं लागे. ड्रायव्हर म्हणे उंदीर मेलाय. पुढारी म्हणे विरोधकांनी काहीतरी करून ठेवलंय. मी पुढची फळी खोलली, तर ब्लोअरपाशी काळंठिक्कर पडलेलं लिंबू! दृष्ट लागू नये म्हणून त्यांच्याच आईनं फटीत खोचलेलं, ते घरंगळून आत गेलेलं. मी ते फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "साहेब, हा घ्या तुमचा विरोधक." साहेब हसले नाहीत. पण गाडी पुढंही माझ्याकडंच येत राहिली.

असले किस्से सांगत बसलो तर संपादकांना दुसऱ्या कोणाचं काही छापायला जागा उरायची नाही. म्हणून एकच गाडी सांगतो. ह्या गाडीनं माझी चांगली जिरवली, आणि नंतर मी तिची. भानुदासची पिकअप.

भानुदास मेंढपाळ. पन्नाशीचा गडी, बोलायला कमी. जन्मभर मेंढरांमागं चालून त्याच्या गुडघ्यांचं पार भुस्कट झालं होतं. डॉक्टरनं सांगितलं, आता चालणं बंद. तेव्हा त्यानं बहुतेक कळप विकला आणि एक जुनी पिकअप घेतली. परराज्यातून आलेली, तिकडच्या डोंगरी, चिखलाच्या रस्त्यासाठी बनवलेली दणकट गाडी. आसपासच्या मेंढपाळांची शेरडंमेंढरं आठवडी बाजाराला पोचवायची आणि माघारी आणायची, असा धंदा त्यानं बसवला. धंदा चालला तर पायाला आराम, नाही चालला तर पुन्हा काठी घेऊन माळावर, तेही ह्या वेळी दुसऱ्याच्या कळपामागं. त्याची बायको रुक्मिणबाई. नवरा जेवढा कमी बोलायचा, तेवढी कसर ती भरून काढायची.

गाडी घेतल्या घेतल्या उन्हाळ्यात त्यानं माझ्याकडं सर्व्हिसिंग करून घेतली. सगळी तेलं बदलली, ग्रीस भरलं, गाडी चकाचक करून दिली. पोळा उलटल्यावर भानुदास परत आला.

"मिस्त्री, गाडी थरथरायली."

"कुठं?"

"मागून. लई थरथरती. मेंढरं एकमेकांवर पडायलीत."

मी गाडी घेतली, रोडला लावली, चांगली पळवली. लोण्यासारखी गेली. तरी माझ्या अनुभवानं सांगितलं की इंजिनपासून मागच्या चाकांकडं जो लांब दांडा फिरत जातो, त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजला असणार. क्रॉस बदलला. पुन्हा रोडला पळवली. झकास. "ने," म्हणालो.

पंधरा दिवसांत परत. "थरथर हायेच." मग मागच्या चाकांचे बेअरिंग बदलले, पाट्यांचे बुश बदलले, ड्रम घासून घेतले. रोडला पळवली. लोणी! मी जरा चिडलोच. "भानुदास, गाडी ठणठणीत हाय. तुलाच भास व्हायलाय." तो खाली मान घालून गाडी घेऊन गेला. तो असा मान घालून गेला, ते मला आजही आठवतं आणि आजही माझीच लाज वाटते.

त्यानंतर तो आलाच नाही. आली रुक्मिणबाई, सकाळच्या बसनं, एकटी. मी एका ट्रॅक्टरखाली होतो. मला फक्त तिच्या चपला दिसल्या.

"भाईर या मिस्त्री. तोंड बगून बोलायचंय."

आलो बाहेर.

"तुमी माज्या मालकाला भास व्हतो म्हनलात?"

"अवो वहिनी, मी सोता दोन येळा पळवली..."

"कुटं पळवली?"

"रोडला."

"रोडला! आमी काय गाडी रोडला राहायला घेतली? पोळ्याला बैलांच्या मागं आमची बी गाडी मारुतीच्या देवळाला फेऱ्या मारायला नेलती. हार घातलेला, गुलाल लावलेला. अन् सगळ्या गावादेखत गाडी देवळाभवती अशी थरथरली, जशी अंगात आल्यावानी. हार तुटून पडला. तवापसून गाव म्हनतंय, मारुतीला ही गाडी पसंत न्हाई. मुकी जनावरं इकून खायाचा धंदा हाय, देव फेरी घिऊ देत न्हाई."

मला हसू आलं. ते तिनं पाहिलं.

"हासू नका. मालकानं देवळात जायचं सोडलंय. रोज उटून मारुतीला पानी घालनारा मानूस, आता देवळावरनं जाताना मान फिरवतो. एका म्हाताऱ्याची गाभण मेंढी गाडीत पडून गाभडली. आता कुनी जनावर चडवंना. माजलगावचा एक व्यापारी गाडी घ्यायला शुक्रवारी यायलाय. मालकानं त्याला हो म्हनून टाकलंय. गाडी गेली की हे पुन्यांदा माळावर जातेल. त्या पायांनी."

आता मला हसू येईना. ती जाण्याआधी मी तिला बसायला खुर्ची दिली आणि जे पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं ते विचारलं.

"वहिनी, फक्त देवळापाशीच थरथरती का?"

"देवळापाशी, बाजारात माघारी वळवताना, मेंढरांच्या वाडग्याच्या फाटकात."

"म्हंजी वळताना. अन् सरळ जाताना?"

"सरळ जाताना कशाला थरथरंल?" ती म्हणाली, मी अगदीच बावळट आहे अशा तोंडानं. "अन् घरनं निगताना न्हाई थरथरत. बाजार करून, लांबनं आल्यावर लई. म्हून तर लोक म्हनत्यात, जनावरं इकून आलं की देव हालवतो."

वळताना. हळू. आणि गाडी तापल्यावर. इतकी वर्षं ह्या धंद्यात घालवलेल्या मिस्त्रीला जे दोन फेऱ्यांत कळलं नाही, ते ह्या बाईनं एका खुर्चीवर बसून सांगितलं.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढा लोखंडी गोळा दिसतो, त्याला आम्ही क्राऊन म्हणतो. त्याचं काम काय? खळ्यावर मळणी करताना मधल्या खुंटाभोवती बैल एका ओळीत बांधून फिरवायचे. खुंटाजवळचा बैल जागच्या जागी वळतो, कडेचा बैल मात्र धावतो. गाडी वळताना चाकांचं तसंच आहे. आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त. ही सूट क्राऊन देतो. पण साध्या क्राऊनमध्ये एक खोड असते. एक चाक चिखलात रुतलं की सगळी ताकद तेच खातं, जागेवर गरगर फिरतं आणि दुसरं चाक नुसतं बघत बसतं. म्हणून डोंगरी रस्त्याच्या काही गाड्यांत क्राऊनच्या आत चकत्या बसवलेल्या असतात. ह्या चकत्या दोन्ही चाकांना एकमेकांशी धरून ठेवतात, आणि वळताना हळूच, आवाज न करता घसरून सूट देतात. ते हळूच घसरणं जमावं म्हणून त्यांना वेगळं औषध घातलेलं तेल लागतं. ते नसलं की चकत्या धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. फरशीवरून जड कपाट ओढताना थर्रर्र होतं ना, तसंच. आणि तेल तापून पातळ झालं की थरथर आणखी वाढते.

अशी गाडी आमच्या भागात क्वचित. मी नुसतं ऐकून होतो, हातातून एकही गेली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

रुक्मिणबाईला मोटरसायकलवर मागं बसवून मी त्यांच्या गावी गेलो. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गाडी न्यूट्रल केली आणि एक चाक हातानं पुढं फिरवलं. साधा क्राऊन असेल तर दुसरं चाक उलटं फिरतं. इथं ते माझ्याबरोबर पुढंच आलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा पुढंच. चकत्यांची गाडी! आनंदानं मी मांडीवर थाप मारली.

मग खालचा बोल्ट काढून थोडं तेल हातावर घेतलं, वास घेतला. साधं नव्वद नंबर. आमच्याकडं प्रत्येक गॅरेजात क्राऊनमध्ये डोळे झाकून जे ओततात तेच. आणि हे ओतलं कोणी? उन्हाळ्यातली ती सर्व्हिसिंग मला लख्ख आठवली. जुनं तेल काढलं तेव्हा त्याला उग्र, सडक्या कांद्यासारखा वास होता. मी भानुदासला वर झापलं होतं, "कसलं कुजकं तेल घातलंय रे कुनी!" आणि गाडीचं बरोबर औषध गटारात ओतून, छाती फुगवून तिच्यात माझं नव्वद नंबर भरलं होतं. देव नाही, धंदा नाही, पाप नाही. मिस्त्री!

हे मी त्या क्षणी कोणाला बोललो नाही. खरं तेच सांगतो, धीर झाला नाही. "शुक्रवारी मी येईस्तवर गाडी इकू नका," एवढंच म्हणालो.

तेल हातावर चोळून उन्हात पाहिलं होतं. लोखंडाचे कण चमकले नाहीत, म्हणजे चकत्या अजून शाबूत असाव्यात. पण ते औषधी तेल कुठून आणायचं? अंबाजोगाईत नाही, बीडला नाही. एका दुकानदारानं तर मलाच शिकवलं, "मिस्त्री, क्राऊनला नव्वद नंबरच लागतं." शेवटी लातूरच्या एका ओळखीच्या माणसानं मिळवलं आणि बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं. डबा आला शुक्रवारी सकाळी. डबा घेऊन मी तसाच गावात.

व्यापारी आलेला होता. देवळासमोरच्या पारावर पाय सोडून, पान चघळत बसला होता. गाव जमलेलं. भानुदास गाडीच्या चाकाशी उभा, चेहऱ्यावर मेलेल्याची कळा. मी गाडीखाली शिरलो. जुनं तेल काढलं, आतली घाण धुऊन काढली, नवं भरलं.

"कितव्यांदा नीट करायलाव मिस्त्री?" व्यापारी पारावरून म्हणाला. चारदोन जण हसले.

"मोजायला बसलायस तर मोज बे," म्हणालो. राग आला की मला सुचतं.

पण नवं तेल नुसतं भरून भागत नाही. ते चकत्यांच्या मधोमध शिरायला हवं, आणि त्याला उपाय एकच: गाडी तापवायची आणि हळूहळू गोल गोल फिरवायची, उजवीकडून आणि डावीकडून. मी गाडी लिंबागणेशच्या यात्रेला न्यावी तशी श्रद्धेनं पाच-सहा कोस पळवून आणली, चांगली तापवली आणि देवळापाशी येऊन स्टेअरिंग पूर्ण उजवीकडं वळवलं. मुद्दाम तिथंच. जिथं गावानं गाडीला नावं ठेवली तिथंच ती बरी झालेली दिसायला हवी.

तेवढ्यात देवळाचा गुरव आडवा आला. "उजवी फेरी मारा. डावी मारली तर मी गाडीपुढं झोपन. देवाला उलटी फेरी चालत न्हाई."

आता आली का पंचाईत! डावीकडून फिरवल्याशिवाय दोन्ही अंगांच्या चकत्यांना तेल मिळणार नाही. मी इकडंतिकडं पाहिलं. देवळापासून थोड्या अंतरावर ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी होती. "बाबा, मारुतीला उजवी, टाकीला डावी. चालतंय?" गुरवानं डोकं खाजवलं. टाकीबद्दल शास्त्रात काही नसावं. "चालतंय," म्हणाला.

निघालो. देवळाला उजवी, तिथून टाकीला डावी, परत देवळाला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी.

पहिली फेरी. थर्रर्र. बाजूच्या सीटवर ठेवलेला माझा पानाही खाली पडला.

"हालायली की वो!" पारावरून आवाज.

दुसरी फेरी. थर्रर्र. चकत्या जळालेल्या असल्या तर? सगळा क्राऊन खोलावा लागणार, तोवर गाडी माजलगावला गेलेली असणार. व्यापारी उठून उभा राहिला, धोतर झटकलं. भानुदासनं तोंड दुसरीकडं केलं. मला वाटलं, थांबावं. खरंच वाटलं. तेवढ्यात रुक्मिणबाई खिडकीला हात लावून गाडीबरोबर चालू लागली.

"थांबू नका. तुमी कावून थांबायलाव? चालू द्या."

तिसरी. चौथी. पाचव्या फेरीला टाकीच्या वळणावर थरथर आलीच नाही. मला वाटलं रस्ता मऊ असेल. देवळाच्या वळणावर स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं. थोडी कुरकुर, बस. सातव्या फेरीला तीही नाही. आठवी, नववी, दहावी, गाडी पाण्यातून होडी फिरावी तशी फिरली! मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलो, "मोज की बे आता! मोज!" वय विसरलो, मिशा विसरलो. पोरं गाडीमागं पळायला लागली. कोणीतरी विचारलं, "मिस्त्री, टाकीला कावून परदक्षिणा घालायलाव?" मी म्हणालो, "पानी कमी येतंय म्हून!" सगळं गाव हसलं.

एकटी रुक्मिणबाई हसली नाही. "मोकळ्या गाडीचं काय कौतिक? मेंढरं चडवा."

त्यांची स्वतःची उरलेली मेंढरं मागं भरली आणि ती स्वतः त्यांच्यात उभी राहिली, काहीही न धरता, दोन्ही हात कमरेवर. मी हळू वळवली, आणखी हळू, टोकापर्यंत. आरशात बघत होतो. बाईचा पदरसुद्धा हलला नाही. मेंढरं रवंथ करत होती.

गाडी थांबवली. भानुदास जवळ आला. "मिस्त्री, म्हंजी देवाचा राग न्हवता?"

आता गप्प बसणं म्हणजे पापच झालं असतं. सगळ्यांदेखत म्हणालो, "देवाचा राग न्हवता भानुदास. तेल माझं हुतं. उन्हाळ्यात मीच चुकीचं घातलं. तुझ्या गाडीत आधी बरोबर तेल हुतं, ते मीच फेकलं, अन् वर तुलाच भास व्हतो म्हनलो."

भानुदासनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडला. मग देवळासमोरच्या नळावर गेला, तांब्या भरला आणि आत जाऊन मारुतीला पाणी घातलं. बाहेर येऊन व्यापाऱ्याला म्हणाला, "गाडी न्हाई द्यायची." व्यापारी पान थुंकून निघून गेला.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण रुक्मिणबाई खाली उतरली ती थेट माझ्यासमोर. "हितं म्हनलात ते ठीक. पर हितली मानसं मेंढरं चडवत न्हाईत, बाजारातली चडवत्यात. परवा बाजारात येऊन म्हना."

बाजारात माझी निम्मी गिऱ्हाइकं असतात. घरी बायको म्हणाली, "जाऊ नका, गॅरेज बसंल." दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पण तिसऱ्या दिवशी गेलो.

बाजारात मेंढरांच्या कोपऱ्यात भानुदासची पिकअप उभी होती, रिकामी. शेजारी दुसऱ्या गाड्या भरत होत्या. मी मागच्या बाजूनं तिच्यावर चढलो आणि ओरडलो, "ऐका! मला समदे वळखता. ही गाडी देवानं हालवली न्हवती. मी हालवली. क्राऊनला चुकीचं तेल मी घातलं. आता गाडी नीट हाय. भानुदासकडं काईबी पाप न्हवतं अन् न्हाई. काय बोलायचं ते मला बोला."

माणसं थांबली. काही हसली, काही एकमेकांकडं बघायला लागली. गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी. ज्याची मेंढी गाभडली, तोच. भानुदास कावराबावरा झाला.

"माजी मेंढी तुमच्यामुळं गाभडली?"

"व्हय, बाबा."

मी मान खाली घातली नाही. म्हाताऱ्यानं भानुदासकडं मान वळवली.

"भानुदासा, गाडीचा मागचा फाळका पाड."

भानुदासचा हात कडीवर गेला खरा, पण कडी निघेना. रुक्मिणबाईनं ती एका दणक्यात काढली. म्हाताऱ्यानं पहिलं मेंढरू स्वतः उचलून वर टाकलं. मग दुसरं. त्याची बारा झाली, तोवर मागं दुसरा मेंढपाळ त्याची घेऊन उभा राहिला, त्याच्यामागं तिसरा. मला आणखी दोन शब्द बोलायचे होते, पण मी खाली उतरलो. गाडीत मला उभं राहायला जागाच उरली नव्हती.